कंसातलं नाव

वालपाराइसोच्या बंदर-कचेरीत, रात्रपाळीला,
हिमेना ओयार्सून एकटी.
डब्यात पाव आणि कुस्करलेला अवोकाडो, अर्धा खाल्लेला.
खाली बंदरात जहाजं अकरा,
पडद्यावर बारा.
रोज मोजते, रोज म्हणते
असेल एखादं धुक्यात.

यादी तिनेच बांधली, सहा वर्षांपूर्वी.
मूळ क्लास एकच: जहाज.
त्याची पोरं मग तेलवाहू, मासेमारीचं, गाळ उपसणारं,
आणि बुटके, रुंद खांद्यांचे टग.
पोर आईच्या नावाने यादीत शिरतं तेव्हा
कुणी काही विचारत नाही.
कंस लागत नाही, साक्षीदार लागत नाही.
टग हे जहाज आहेच की.

आत गेल्यावर मात्र बरंच दिसेनासं होतं.
ओढायची ताकद, दोरखंडाची जाडी, आकडा,
सगळं जागच्या जागी असतं,
पण 'जहाज' या खिडकीतून
तेवढंच दिसतं जेवढं प्रत्येकाकडे असतं:
नाव, लांबी, शेवटचं बंदर.

आवाज तेवढा लपत नाही.
भोंगा वाजव म्हटलं
की जहाज म्हणून बोलावलेला टगसुद्धा
टगसारखाच वाजतो. घोगरा. दोनदा.

शिकताना हे वाचलं तेव्हा तिला हसू फुटलं होतं.
डॉन एलेउतेरिओ, तिचे वडील,
एकोणतीस वर्षं टगवर,
पेन्शनच्या कागदावर नुसते 'कामगार, किनारा विभाग'.
खिडकीतल्या बाईने नाव पुकारलं
की "हजर!" असे ओरडायचे
की अख्खी रांग वळून बघायची.
इंजिनावर मात करायची सवय, दुसरं काय.

तीन वाजून सात मिनिटांनी प्रोग्रॅम कोसळला.
लाल अक्षरं, क्लासकास्ट एक्सेप्शन,
ओळ दोनशे चौदा.
नव्या पोराची, निकानोरची ओळ.
यादीतून हाती आलं ते जहाज त्याने उचललं,
कंसात टग लिहिलं
आणि गुरुवारी घरी गेला.
कंपाइलर बोलला नाही.
त्याचं असंच असतं:
तू म्हणतोस टग, तर असेल बाबा टग.
खरं-खोटं चालवताना कळतं, तेही रात्री.

फोन.
"पण मॅडम, टग जहाजच असतो ना?"
"टग जहाज असतो. जहाज टग असेलच असं नाही.
कंसाने वस्तू बदलत नाही, निकानोर.
कंस म्हणजे तू दिलेली ग्वाही
की आत कोण आहे ते मला माहीत आहे.
माहीत होतं?"
गादीचा आवाज. मग: "आधी विचारायला हवं होतं."
"एका ओळीचं काम. तू टग आहेस का?
नाही म्हणाला तर पुढचं बघायचं.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

फोन ठेवून तिने तो आड उघडला.

ना गाळ उपसणारं, ना तेलवाहू.
कुठल्याच पोराचं नाही ते,
नुसतं जहाज, कोरं, थेट मूळ क्लासमधून काढलेलं.
लांबी शून्य. शेवटचं बंदर रिकामं.
नाव: एलेउतेरिओ.
बनवणारी: हि. ओयार्सून.
तारीख वाचायची गरज नव्हती.
त्या आठवड्यात ती कामावर आली होती,
सगळे म्हणत होते घरी जा,
आणि चाचणीसाठी काहीतरी नाव हवं होतं.

टग लिहायचं राहून गेलं.
आता त्याला टग करता येत नाही,
कितीही कंस घातले तरी.
नवा घडवता येईल, त्याच नावाचा,
आकड्यासकट, दोरखंडासकट,
पण तो दुसरा असेल,
आणि हा तसाच राहील इथे, शून्य लांबीचा.

तिने दोनशे चौदाच्या वर प्रश्नाची ओळ घातली.
प्रोग्रॅम चालू. बारावं जहाज
प्रश्नाला नाही म्हणालं
आणि यादीत राहिलं.

नोंदवहीत, ३:५२:
निकानोरची चूक अर्धी.
उरलेली माझी.
जहाजं बारा. अकरा दिसतात.